एम. एस. बिराजदार यांचं एकूण संशोधन

मी सोलापूरच्या एका कॉलेजात ग्रंथपाल म्हणून लागले तेव्हा माझं काम पुस्तकं मोजण्याचं होतं. निवृत्त झाले तेव्हा मी प्राध्यापक मोजत होते. मधल्या काळात हे नक्की कधी झालं ते मलाही नीट सांगता येणार नाही. एके दिवशी प्राचार्यांनी बोलावून सांगितलं, बनसोडे मॅडम, आजपासून सगळ्यांची सायटेशन्स तुमच्याकडे. मी बरं म्हटलं. अनुदानित कॉलेजात एखाद्या कामाला बरं म्हटलं की ते निवृत्तीपर्यंत आपलं होतं.

घरी हे काम समजावून सांगताना माझी फार पंचाईत व्हायची. नणंद विचारायची, म्हणजे तू लायब्ररीत बसून करतेस काय? मी सांगायचे की समजा, एखाद्या शास्त्रज्ञाने काही शोधून काढलं. तो त्यावर लेख लिहितो आणि एखाद्या जर्नलमध्ये छापून आणतो. पुढे दुसऱ्या कुणाला त्या लेखाचा उपयोग झाला, तर तो आपल्या लेखाच्या शेवटी पहिल्याचं नाव देतो. असं एकदा नाव आलं की पहिल्याच्या खात्यावर एक सायटेशन जमा. जगभरातली अशी सगळी नावं परदेशातल्या मोठ्या कंपन्यांची यंत्रं गोळा करतात. मी ती आमच्या प्राध्यापकांपुरती उतरवून काढते आणि प्राचार्यांना देते. नणंद म्हणायची, आणि प्राचार्य त्याचं काय करतात? ते पुढे पाठवतात, एवढं मला माहीत होतं.

त्यात आणखी एच-इंडेक्स नावाचा एक प्रकार आहे. तुमचा एच-इंडेक्स पाच आहे, म्हणजे तुमचे निदान पाच लेख असे आहेत की त्या प्रत्येकाचा उल्लेख निदान पाच वेळा झालाय. मी हे स्टाफ रूममध्ये फळ्यावर लिहून समजावलं होतं. त्यानंतर कॉमर्सचे एक सर माझ्याकडे आले आणि आवाज खाली आणून विचारलं, मॅडम, माझा शून्य आलाय, नॉर्मल किती असतो? त्यांना आदल्याच आठवड्यात डॉक्टरांनी साखर वाढल्याचं सांगितलं होतं, त्यामुळे शून्य ऐकून बरं वाटावं की वाईट, हे त्यांना ठरवता येत नव्हतं.

दुसरे एक सर दर लेखात स्वतःच्याच सगळ्या जुन्या लेखांचा उल्लेख करायचे. आणखी एकांनी एका जर्नलला दुपारी लेख पाठवला आणि चहाच्या सुट्टीआधी त्यांना उत्तर आलं की आपला लेख तीन तज्ज्ञांनी बारकाईने तपासून स्वीकारला आहे. मी शंका काढली तर ते म्हणाले, याला कार्यक्षमता म्हणतात.

सगळ्यात मोठी अडचण होती तुलनेची. रसायनशास्त्रात पाच-सहा जण मिळून भराभर लेख लिहितात, आणि त्यांचे वाचकही जगभर ढिगाने असतात. आमचे गणिताचे सर दोन-तीन वर्षांत एक लेख लिहायचे. तो समजणारी माणसं जगात थोडी, त्यातली निम्मी म्हातारी. दोघांचे आकडे एकाच कागदावर खाली-वर लिहिले की गणिताचे सर काहीच करत नाहीत असं दिसायचं. मी कागदाच्या तळाशी बारीक अक्षरात लिहायचे, की वेगवेगळ्या विषयांतल्या आकड्यांची तुलना करू नये. पुढे पाठवताना ती ओळ झेरॉक्समध्ये कापली जायची, कारण पान लांब व्हायचं.

आता बिराजदार सरांबद्दल. महादेव शिवप्पा बिराजदार, प्राणिशास्त्र विभाग. मूळचे वळसंगचे. घरात कन्नड, कॉलेजात मराठी आणि लेखात इंग्रजी. उंच, किरकोळ अंगाचे, शर्टाच्या खिशाला कायम दोन पेनं. त्यांचा विषय म्हणजे मेंढ्यांच्या पोटातले जंत. अक्कलकोट रस्त्यावरच्या गावांमधून ते स्कूटरवर फिरायचे, मेंढपाळांच्या कळपामागे चालायचे आणि लेंड्या गोळा करून छोट्या प्लास्टिकच्या डब्यांत भरून आणायचे. मग प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाखाली त्यातली जंतांची अंडी मोजायचे. स्कूटर आत आली की ते आल्याचं विभागाला वासावरून कळायचं.

मेंढ्यांच्या जठराला चिकटून रक्त पिणारा एक जंत असतो. त्याने मेंढी हळूहळू पांढरी पडते, जबड्याखाली पाणी उतरतं आणि मरते. त्यावर औषध आहे. पण आपल्याकडच्या बऱ्याच कळपांत ते औषध आता लागू पडत नाही, कारण वर्षानुवर्षं सगळ्या मेंढ्यांना सरसकट आणि कमी मात्रेत तेच देत आल्यामुळे जंत त्याला सरावलेत. हे सरांनी आमच्या भागातल्या कळपांवर काम करून दाखवलं होतं. ते एका भारतीय जर्नलमध्ये छापून आलं. त्याचा उल्लेख कुणी कुणी केला, पण भराभर नाही. मेंढीच्या जंतांवर काम करणारी माणसं जगात आहेत किती!

सर सहयोगी प्राध्यापक होते. त्यावरची पायरी म्हणजे प्राध्यापक, इंग्रजीतलं फुल प्रोफेसर. त्यासाठी मुलाखत असते. सर एकदा देऊन आले होते. तज्ज्ञांनी विचारलं, तुमच्या संशोधनाचा इम्पॅक्ट काय? सर म्हणाले, मेंढ्या कमी मरतात. समितीने ते लिहून घेतलं नाही. गंमत म्हणजे वळसंगमध्ये ते नोकरीला लागल्या दिवसापासून प्रोफेसरच होते. त्यांचे वडील तालमीत, देवळात, बाजारात सगळ्यांना तेच सांगायचे. सर प्रोफेसर नव्हते ते फक्त कॉलेजात.

ज्या वर्षाची ही गोष्ट, त्या वर्षी कॉलेजचा दर्जा ठरवणारी समिती येणार होती. भिंतींना रंग लागला, नळांना पाणी आलं. प्राचार्यांनी मला सांगितलं की यावेळी हाताने काढलेले आकडे नकोत, कंपनीच्या यंत्रातून थेट छापलेला अहवाल पाहिजे. मी छापून दिला. त्यात सगळ्यात वर नाव होतं एम. एस. बिराजदार यांचं. रसायनशास्त्राच्या सगळ्या सरांना मागे टाकून ते जिल्ह्यातही वरच्या नंबरात गेले होते.

प्राचार्य खुर्चीतून उठले. मी त्यांना म्हटलं की सर, हे एकदा नीट तपासून बघते. ते म्हणाले, यंत्राने दिलंय, त्यात आपण काय तपासणार. मी लायब्ररीत जाऊन एकेक लेख उघडेपर्यंत त्यांचा फ्लेक्सवाल्याला फोन झाला होता.

दुसऱ्या दिवशी फाटकाच्या बाजूला सरांचा फोटो लागला. खाली लिहिलं होतं, 'जागतिक कीर्तीचे संशोधक, आमच्या कॉलेजचा अभिमान.' फोटोत सरांच्या अंगात कोट होता. सरांकडे कोट नाही. तो फ्लेक्सवाल्याने कॉम्प्युटरवर घातला होता.

इकडे मला यंत्रात काय झालंय ते दिसत होतं. बिराजदार हे आडनाव आमच्या भागात घरोघर. यंत्र नाव, आद्याक्षरं आणि गाव बघतं आणि अंदाजाने लेख एका माणसाच्या खात्यावर टाकतं. सरांच्या खात्यावर मेंढ्यांचे आणि शेळ्यांचे लेख होते, ते त्यांचे. त्याशिवाय कापड रंगवल्यावर उरलेलं पाणी स्वच्छ कसं करायचं, यावर रसायनशास्त्रातले भरपूर लेख होते, आणि त्यातल्या काहींचा जगभर उल्लेख झालेला होता. शेवटी एक लेख दूरच्या आकाशगंगांवर होता. त्याला शेकडो लेखक होते आणि त्यांच्यात कुठेतरी एक एम. एस. बिराजदार होते. थोडक्यात, सर मेंढीच्या जठरापासून आकाशगंगेपर्यंत सगळ्या विषयांतले तज्ज्ञ झाले होते.

मी सरांना बोलावून पडद्यावर दाखवलं. त्यांनी चष्मा पुसला आणि बराच वेळ खालपर्यंत वाचत गेले. मग म्हणाले, यातलं मला काही माहीत नव्हतं मॅडम. मी कधी उघडूनच बघितलं नाही. मला ते खरं वाटलं, कारण आपलं खातं न बघणारे ते आमच्या कॉलेजातले एकमेव होते.

दुरुस्ती अवघड नव्हती. सरांनी स्वतःच्या नावाने आत जाऊन हे लेख माझे नाहीत असं सांगितलं की कंपनी ते वेगळे करते. मी केलं असतं तरी कंपनीने सरांनाच विचारलं असतं. मी सरांना तसं सांगितलं. बाहेर ऊन कडक होतं आणि पंखा नुसता गरम वारा फिरवत होता.

"चार दिवस राहू द्या की मॅडम," ते म्हणाले. "भीमण्णा अजून फ्लेक्स बघायला आला नाही."

भीमण्णा म्हणजे वळसंगचे मेंढपाळ. सरांचं पहिलं काम त्यांच्याच कळपावर झालं होतं. ते खरंच आले, डोक्याला पटका, पायात जाड वहाणा. फाटकापाशी उभं राहून त्यांनी फोटो वरपासून खालपर्यंत बघितला. मग लायब्ररीत येऊन पाणी प्यायले आणि सरांना म्हणाले की कोट लई भारी हाय, पर उन्हाळ्याचा कशाला घातला. सर त्यांना काही तरी कन्नडमध्ये म्हणाले आणि दोघं हसले. मला त्यातलं फक्त फोटो एवढं कळलं.

चार दिवस उलटून गेले. सर दुरुस्तीबद्दल बोलले नाहीत आणि मीही विषय काढला नाही. त्यांच्या प्राध्यापकपदाची दुसरी मुलाखत पुढच्याच महिन्यात होती आणि निवृत्ती दोन वर्षांवर आली होती, हे मला माहीत होतं.

मग लायब्ररीच्या पत्त्यावर कोरियाहून एक ई-मेल आला. लिहिणारीचं नाव होतं मनीषा संजय बिराजदार. तिने मराठीत लिहिलं होतं, नम्रपणे आणि मुद्द्याचं. पीएचडी सोलापुरातच केलेली आणि सध्या कोरियात संशोधनाच्या कामावर. ते काम संपत आलं होतं, म्हणून तिने आपल्याकडच्या एका संशोधन संस्थेत नोकरीसाठी अर्ज केला होता. संस्थेने उलट विचारलं होतं, की तुम्ही दिलेले लेख आमच्या तपासणीत सोलापूरच्या एका प्राणिशास्त्राच्या प्राध्यापकांच्या नावावर दिसतात, याचा खुलासा करावा.

मी तिला फोन केला. इकडे लायब्ररी नुकती उघडली होती, तिकडे दुपार झालेली. मला वाटलं होतं ती चिडेल. ती चिडली नाही, त्यामुळे मला जास्त अवघड झालं. तिचे वडील चिंचोळी एमआयडीसीत फिटर. तिच्या लहानपणी ते सगळे जिथे राहायचे तिथे मागून एक नाला जायचा आणि त्याला रोज वेगळा रंग असायचा. सकाळी नाल्यात बघून आई सांगायची, आज कारखान्यात लाल चादरी चालल्यात, आज हिरवे टॉवेल. ते पाणी परत पाण्यासारखं कसं होईल, एवढ्या एका गोष्टीवर तिने इतकी वर्षं काम केलं होतं.

"मॅडम, मी भांडायला बोलत नाहीये," ती म्हणाली. "त्या सरांना काही त्रास पण व्हायला नको. पण माझ्याकडे दाखवायला तेवढंच आहे, आणि ते माझ्या नावावर नाही."

खुलासा द्यायची मुदत समितीच्या भेटीच्या आधीच संपत होती. मी प्राचार्यांकडे गेले. आमचे प्राचार्य वाईट माणूस नव्हते, हे इथे सांगितलं पाहिजे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले की समिती येऊन जाऊ दे, मग लगेच करा. दर्जा वर गेला नाही तर विज्ञानाच्या नव्या वर्गांची परवानगी अडणार होती. त्या वर्गांच्या भरवशावर तासिकेवरचे कितीतरी तरुण शिक्षक थांबलेले होते. हे खोटं नव्हतं. मी म्हटलं, पण त्या मुलीची मुदत? ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, तिच्यासाठी आपण एक छान पत्र देऊ. यंत्रात एक आणि पत्रात दुसरं असलं तर संस्था कशावर विश्वास ठेवणार, ते त्यांनाही माहीत होतं.

तिथून मी सरांच्या प्रयोगशाळेत गेले. ते सूक्ष्मदर्शकावर वाकले होते. मी त्यांना ई-मेल वाचायला दिला आणि नाल्याची गोष्टही सांगितली. त्यांनी एकच विचारलं, की तिचा एखादा लेख छापून मिळेल का. मी दिला. तो घेऊन ते घरी गेले.

दोन दिवस ते लायब्ररीकडे फिरकले नाहीत. मला वाटलं, टाळतायत. मनात म्हटलं, टाळतील नाहीतर काय करतील. इतकी वर्षं उन्हातान्हात लेंड्या वेचल्यावर माणसाला एकदा काही मिळत असेल, तर ते आपल्या हाताने परत कोण देईल? मला त्यांचा राग आला नाही. हे मी आज चांगुलपणाने म्हणत नाही. तेव्हाही आला नव्हता.

तिसऱ्या दिवशी ते आले तेव्हा त्यांच्या हातात तो लेख होता. समासात पेन्सिलीने खुणा केलेल्या.

"दोनदा वाचला," ते बसत म्हणाले. "रसायनं काही कळत नाहीत आपल्याला. पण बाईने काम प्रामाणिक केलंय. जिथं उत्तर मनासारखं आलं नाही, तिथं तसंच लिहिलंय. लपवलं नाही."

त्यांनी लेख माझ्या टेबलावर ठेवला.

"काढून टाका मॅडम ते."

"सर, तुमची मुलाखत पुढच्या महिन्यात आहे."

"माहीत आहे की." त्यांनी लेखाची पानं सरळ केली. "वडिलांना मी प्रोफेसर आहे असंच वाटायचं. त्याच समजुतीत गेले ते. मग आता घाई कुणाला आहे?"

मी कॉम्प्युटर सुरू केला आणि त्यांना माझ्या खुर्चीत बसवलं. यंत्र एकेक लेख पुढे करून विचारत होतं, हा आपला आहे का? सर शीर्षक मोठ्याने वाचायचे, एका बोटाने 'नाही' दाबायचे आणि पुढच्या लेखाकडे वळायचे. रंगाच्या पाण्याचे लेख संपले. मग आकाशगंगा आली. तिथे त्यांनी लेखकांची नावं खाली सरकवून सरकवून बघितली. ती संपेचनात.

"एवढ्या लोकांत एक मी असलो असतो, तर कुणाच्या लक्षात आलं असतं हो," ते म्हणाले आणि 'नाही' दाबलं.

खाली उरले ते मेंढ्यांचे आणि शेळ्यांचे लेख. पडदा खाली सरकवायचीही गरज राहिली नाही. सरांनी तेही वाचले, आणि प्रत्येकापुढे 'होय' दाबताना बोट जरा जोरात पडत होतं. मग उठून ते स्वतःच प्राचार्यांकडे गेले. मी बरोबर येते म्हटलं तर नको म्हणाले. दार लावलेलं होतं, त्यामुळे आत काय बोलणं झालं मला माहीत नाही. बाहेर आल्यावर ते एवढंच म्हणाले, की प्राचार्यांनी चहा पाजला.

फ्लेक्स मात्र राहिला. त्यावर आकडे नव्हते, फक्त जागतिक कीर्ती असं लिहिलेलं होतं, आणि कीर्ती जागतिक नाही असं सांगणारा कागद कुणाकडे नव्हता.

समिती आली, बघून गेली. दर्जा होता तोच राहिला. वर गेला नाही, खालीही आला नाही. नवे वर्ग वर्षभर उशिराने सुरू झाले आणि तोवर तासिकेवरची दोन मुलं दुसरीकडे निघून गेली. प्राचार्यांनी मला त्याबद्दल कधी बोल लावला नाही. पण जिन्यात भेटले की ते पूर्वी थांबायचे, ते थांबायचे बंद झाले.

सरांच्या मुलाखतीसाठी मी एक पान तयार केलं. मेंढ्यांच्या जंतांवर काम करणारे जगात किती थोडे आहेत, त्यांच्या लेखांचा सर्वसाधारण किती उल्लेख होतो आणि त्यांच्यात सरांचा लेख कुठे बसतो, हे त्यात साध्या भाषेत मांडलं. त्या रांगेत सर चांगले वर होते. आयुष्यात मी केलेलं ते सगळ्यात नीटस पान असेल. सरांनी ते समितीपुढे ठेवलं. बाहेरून आलेले तज्ज्ञ रसायनशास्त्राचे होते. त्यांनी पान वाचलं, कौतुक केलं आणि विचारलं, पण एकूण आकडा एवढा कमी का? शिवाय मागच्या महिन्यातल्या अहवालात तो जास्त कसा होता? सरांनी जे झालं ते सांगितलं. तज्ज्ञ म्हणाले, हे तुमच्या मोठेपणाचं आहे. आणि पद दिलं नाही.

त्याचा मला झालेला त्रास अजून गेलेला नाही. मला कळत होतं ते त्या पानावर सगळं होतं. ते पटलं नाही असं कुणी म्हणालं नाही. पटूनसुद्धा काही झालं नाही.

सर सहयोगी प्राध्यापक म्हणूनच निवृत्त झाले. निरोपाच्या भाषणात प्राचार्यांनी त्यांना प्राध्यापक बिराजदार म्हटलं. ती चूक कुणी दुरुस्त केली नाही.

मनीषाचं लगेच भलं झालं असंही नाही. तिचे लेख तिच्या नावावर आले, संस्थेने खुलासा मान्य केला, मुलाखतीला बोलावलं आणि दुसऱ्याच कुणाची निवड केली. तिने मला ई-मेलने तसं कळवलं. आम्ही काय केलं, कशासाठी केलं, सगळं फुकट गेल्यासारखं वाटलं. सरांना सांगितलं तर ते म्हणाले, फुकट कसं, आता पुढच्या अर्जात तिला कुणी तो प्रश्न विचारणार नाही. तसंच झालं. पुढच्या वर्षी ती दक्षिणेतल्या एका संस्थेत लागली.

रुजू होण्याआधी ती आईवडिलांकडे आली होती. माझी निवृत्ती तोंडावर होती. एके दिवशी ती लायब्ररीत आली, गोरीमोरी झालेली, हातात कोरियाचा चहाचा डबा. सरांना भेटायचंय म्हणाली. सरांना फोन केला तर ते वळसंगला होते आणि म्हणाले, इकडेच या. आम्ही बसने गेलो.

सर भीमण्णांच्या कळपापाशी उभे होते. मनीषा पाया पडायला वाकली तर ते मागे सरले, कारण चप्पल लेंड्यांत भरलेली होती. दोघांना एकमेकांशी काय बोलावं ते सुचेना. सरांनी विचारलं, प्रवास बरा झाला ना? ती बरा म्हणाली. शेवटी तिने मेंढ्यांबद्दल विचारलं आणि सर सुटले. भीमण्णांनी एक मेंढी गुडघ्यांत धरून अंगठ्याने तिची खालची पापणी उलटी केली आणि आतला रंग दाखवला.

"ह्ये लाल हाय बगा. म्हंजे हिला औषद द्याचं न्हाय. फिकी दिसंल तिलाच द्याचं. सरांनी शिकवलं आमाला."

"मी नाही शोधलेलं," सर लगेच म्हणाले. "आफ्रिकेतल्या लोकांनी काढलंय ते. मी त्यांचं वाचलं."

"आसंल की. आमी कुटं त्यांना वळकतो," भीमण्णा म्हणाले. त्यांच्याकडून हे पापणी बघणं त्यांच्या पाहुण्यांच्या गावी गेलं होतं आणि तिथून आणखी पुढे. किती कळपांत, ते त्यांना सांगता आलं नाही. मनीषाने स्वतः एका मेंढीची पापणी बघायचा प्रयत्न केला. मेंढी उधळली आणि मनीषा खाली बसली. सगळे हसले, ती सगळ्यात जास्त.

भाकरी आणि शेंगाचटणी खाऊन आम्ही निघालो. बसथांब्यापर्यंत सोडायला दोघंही आले. भीमण्णांनी तेव्हा कुठे विचारलं, की पोरीचं नाव काय.

"एम. एस. बिराजदार," सर म्हणाले.

भीमण्णा थांबले. तिच्याकडे बघितलं, सरांकडे बघितलं.

"आन् मग तुमी?"

"मी पण."

भीमण्णांनी थोडा विचार केला. बस लांबून येताना दिसत होती.

"आस्तंय," ते म्हणाले. "मेंढरांत बी दोन सारकी निगत्यात. रोज संगं आसलं की वळकू येत्यात."